पदराला काय लागतं

धारवाडकराला पावित्र्य शिकवायला कुणी जाऊ नये. त्याचा साठा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, असा आमचा समज आहे. विद्यापीठ आमच्याकडे, गाणं आमच्याकडे, साहित्य आमच्याकडे. घरात मराठी बोलून कन्नडचे वरकवी झालेले बेंद्रे आमच्या साधनकेरीचे. कॉलेजात इंग्रजी शिकवून माणसांपासून चार हात लांब राहणारे जी. ए. कुलकर्णीही आमचेच. आमचा पाऊससुद्धा संथ पडतो. व्यापार, धूळ, भोंगे आणि घासाघीस हे सगळं वीस किलोमीटरवर, हुबळीला. दोन्ही गावांची महानगरपालिका 1962 पासून एक आहे, मधून चिगरी बस सुसाट पळते. तरी हुबळीहून परतलेला अस्सल धारवाडकर घरात शिरण्याआधी पाय धुतो, ते नुसत्या धुळीपायी नव्हे.

हुबळीकराला हे ठाऊक आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. गंगूबाई हनगल जन्मल्या धारवाडात, पण राहिल्या कुठं, एवढंच तो विचारतो. फारच डिवचलं तर रेल्वे स्थानकाकडे बोट दाखवतो. स्थानकाचं नाव श्री सिद्धारूढ स्वामीजी हुब्बळ्ळी, आणि फलाट 1507 मीटरचा, जगात सर्वांत लांब. 2023 साली तो खुला झाला. आपला डबा पार टोकाला असेल तर बोचकी सांभाळत तिथं पोचेपर्यंत माणसाला थोडंफार वैराग्य येतंच. संताच्या नावाचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या गावानं केला नसेल.

पण आमचं खरं पावित्र्य विद्यापीठात नव्हतं, स्वयंपाकघरात होतं. त्याला आम्ही मडी म्हणायचो. कन्नडमधून आलेला हा शब्द धारवाडच्या मराठी घरांत सोवळ्याहूनही कडक सोवळा होऊन बसला होता. आमची अज्जी मधल्या खोलीत, छताजवळच्या दांडीवर, काठीनं लुगडं वाळत घालायची आणि पहाटे काठीनंच काढायची. त्या लुगड्याला मनुष्याचा हात लागत नसे, अज्जीचासुद्धा न्हाऊन आल्यावरच. एरवी ती आमच्याशी मराठीत बोले. पण शाळेच्या कपड्यांत एखादं पोर उंबऱ्याशी दिसलं की आतून ‘मुट्टब्याड!’ अशी आरोळी यायची. शिवू नको म्हणायला मराठीत सवड लागते. आणीबाणीला कन्नड बरी. मग आम्ही उंबऱ्याबाहेर ओंजळ धरायची आणि तिनं वीतभर वरून लाडू सोडायचा. तो नेम कधी चुकला नाही. लाडू खाली पडताना दोन्ही पक्षांच्या मध्ये असायचा, तेव्हा तो सोवळ्यात होता की ओवळ्यात, याचा निकाल घरात कधी लागला नाही.

मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. मी अज्जीला शिवलो की अज्जी ओवळी होते. मग अज्जी मला शिवली की मी सोवळा का होत नाही? स्पर्श तर एकच. हिशोब बघावा तर विटाळ दर वेळी जिंकायचा. त्याला कष्टच नव्हते, नुसता पदर लागला तरी काम फत्ते. सोवळ्याला मात्र आंघोळ, काठी, दांडी, पहाट एवढी फौज लागायची, आणि एवढं करून ते बिचारं कायम पळतीवर. प्रश्न विचारल्यावर अज्जीनं उत्तर म्हणून दुसरा लाडू सोडला.

हाच प्रश्न बायबलात छापलेला आहे, हे मला पन्नाशीनंतर कळलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात, गावातल्याच एका चर्चचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दोन्हींत ‘री’ हा आदर. बायबल उसनं देताना त्यांनी बजावलं, ‘सगळं वाचा री सर, पण लेवीय सोडा. आम्हीसुद्धा सोडतो.’ मी जुना करार उघडला तो नेमका हाग्गय या संदेष्ट्याच्या पुस्तकावर. पुस्तक दोनच अध्यायांचं, म्हणून धीर झाला. काळ इसवी सनापूर्वी 520. बाबेलच्या बंदिवासातून सुटून लोक यरुशलेमला परत आले आहेत, देवाचं मंदिर पडकंच आहे, आणि लोकांनी मात्र स्वतःच्या घरांना लाकडी तक्तपोशी करून घेतली आहे. घर बांधलेल्या कुणालाही हे समजेल. तर हा हाग्गय याजकांना विचारतो: समजा एखाद्यानं अर्पणाचं पवित्र मांस पदरात बांधून नेलं आणि तो पदर भाकरीला, कालवणाला, तेलाला लागला, तर त्या वस्तू पवित्र होतील का? याजक म्हणतात, नाही. बरं, मग प्रेताला शिवलेला माणूस त्याच वस्तूंना शिवला तर त्या विटाळतील का? याजक म्हणतात, विटाळतील.

म्हणजे अज्जीचं शास्त्र थेट यरुशलेमच्या याजकांशी जुळत होतं. पावित्र्य पदरातून झिरपत नाही, विटाळ मात्र झिरपतो. मला अज्जीचा अभिमान वाटला आणि निराशाही झाली.

लेवीय सोडायला सांगितलं म्हणून तेच वाचायला घेतलं. मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणता बळी कसा द्यावा, रक्त कुठं शिंपडावं, खूर दुभंगलेला कुणाचा, रवंथ कोण करतं. घराच्या भिंतीला बुरशी आली तर याजकानं येऊन बघावं आणि घर सात दिवस बंद करावं, असंही आहे. हा भाग धारवाडच्या पावसाळ्यात उपयोगी आहे, पण गावातली निम्मी घरं बंद करावी लागतील. पेंगत पेंगत मी एकोणिसाव्या अध्यायापर्यंत आलो. तिथं देव मोशेकरवी बजावतो, की मी पवित्र आहे तसं तुम्हालाही व्हायचं आहे. नुसत्या याजकांना नव्हे, झाडून सगळ्या जमावाला. मी सावरून बसलो. आता उपास येणार, मौन येणार, निदान पहाटेची थंड पाण्याची आंघोळ तरी येणार.

आलं काय, तर शेत. कापणी करताना पार कोपऱ्यापर्यंत विळा चालवू नका, सांडलेला सरवा वेचू नका. तो गरिबाचा आणि परमुलखातून आलेल्याचा. मग मजुरी: दिवसाची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. बहिऱ्याला त्याच्या पाठीमागेच काय, तोंडावरही शिव्याशाप द्यायचे नाहीत, त्याला ऐकू येत नसलं तरी. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकायचा नाही. निवाडा करताना मोठ्याचं तोंड बघायचं नाही आणि गरीब म्हणून गरिबाकडेही झुकायचं नाही. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहायचं. तराजू खरा, वजन खरं, माप खरं. मध्येच दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये, असंही एक कलम आहे. टेरिकॉटवर वाढलेल्या माझ्या पिढीनं तिथं मान खाली घालून पुढच्या ओळीवर जावं.

पुस्तक मिटल्यावर जे लक्षात आलं ते धारवाडकराला झेपणारं नव्हतं. शेतमाल, मजुरी, तराजू, माप, आणि परगावचा माणूस. हे तर हुबळीचं वर्णन झालं! देवानं पावित्र्याचा पत्ता विचारणाऱ्याला साधनकेरीच्या तळ्याकाठी न पाठवता सरळ दुर्गदबैलाच्या बाजारात पाठवलं होतं. अमरगोळच्या मार्केट यार्डात, जिथं शेतकऱ्याच्या पोत्याला काटा लागतो तिथं. मापात पाप असं आपण म्हणतो, पण म्हणताना हसतो. लेवीयात त्या वाक्याला हसणं नाही. ज्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी माया करायला सांगितलंय, त्याच अध्यायात वजनाचे दगड तपासायला सांगितलेत. दोन गोष्टींत दर्जाचा फरक केलेला मला तरी दिसला नाही.

त्यानंतर दुर्गदबैलात गेलो तेव्हा भाजीवालीच्या काट्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. तिनं किलोभर बटाटे तोलले, काटा थांबेपर्यंत स्वतःही थांबली, पिशवीत ओतले, आणि वर दोन बटाटे न तोलता टाकले. इकडे या वरच्याला कोसरू म्हणतात. मागितलं तर ती कुरकुरते, न मागता देते. शेताचा न कापलेला कोपरा बाजारात येऊन बटाट्याच्या रूपात बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. शेजारची गिऱ्हाईक बाई मात्र ‘मला एकच दिला’ म्हणून भांडत होती. पावित्र्य कुठं सुरू झालं की तक्रार तिथं हजर.

त्या कोपऱ्यावर बायबलात एक अख्खी गोष्ट उभी आहे. रूथ नावाची मवाबी बाई, विधवा, परक्या मुलखातली, सासूला सोडवेना म्हणून तिच्याबरोबर बेथलेहेमला येते आणि बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचते. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या. हीच रूथ पुढं दावीद राजाची पणजी. कोपऱ्यापर्यंत विळा चालवला असता तर दावीदही नसता.

उलट धारवाडी संस्कृतीचं लाडकं वाक्य काय? ‘उद्या या बघू.’ गवंड्याला, सुताराला, पुस्तकं बांधून देणाऱ्याला आम्ही हे इतक्या गोड आवाजात सांगतो, की तो माणूस आभार मानून जातो. चिगरी बसमध्ये ज्येष्ठांसाठी जागा राखलेल्या असतात, आणि तिथं कानात बोंडं घालून डोळे मिटलेले जे तरुण बसतात त्यांची समाधी फक्त वाटेतलं नवनगर गेल्यावर उतरते. पिकल्या केसांपुढे उठणं हा पावित्र्याचा भाग आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. शिष्टाचार म्हणून सांगितलंय, आणि शिष्टाचाराला कोण भितं?

खऱ्या वजनाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: बाझल मिशनचे जर्मन पाद्री धारवाडला 1837 साली आले, हुबळीला 1839 साली. त्यांच्यातला फर्डिनांड किटेल आला धर्म सांगायला आणि बसला कन्नड शब्द गोळा करत. त्याचा कोश 1894 साली मंगळूरला छापून निघाला. सत्तर हजारांच्या आसपास शब्द. देवाचं काम सोडून हे काय, असं त्याच्या मंडळींपैकी कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण दुसऱ्याच्या भाषेचा शब्द घेताना त्याचं वजन खरं धरायचं, हे लेवीयाच्या कलमात बसतं असं मला वाटतं. किटेल कॉलेजवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा किटेल कोण ते माहीत असेल? आम्हाला तो एक बसथांबा आहे.

पण हाग्गयच्या पदराचं काय? तो प्रश्न जुन्या करारात तसाच राहतो आणि पाचशे वर्षांनी शुभवर्तमानांत अचानक सुटतो, तोही पदरावरच. एका बाईला बारा वर्षं रक्तस्राव होतो आहे. वैद्यांनी पैसे खाल्ले, गुण नाही. त्या समाजाच्या नियमानं ती बारा वर्षं विटाळशी. आपल्याकडे कावळा शिवलेली बाई चार दिवस कोपऱ्यात बसायची. हिचा कावळा बारा वर्षं उठला नव्हता. ती गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावते. अज्जीचं शास्त्र, याजकांचं शास्त्र, दोन्ही म्हणणार: संपलं, आता त्यांना आंघोळ. घडतं उलटं. तो ओवळा होत नाही, तीच बरी होते. पदरातून पहिल्यांदा पावित्र्य झिरपलं. येशू थांबून विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात, सगळीकडून माणसं रेटताहेत आणि हे काय विचारता? दिवाळीच्या आदल्या दिवशी दुर्गदबैलात ‘धक्का कुणी मारला’ म्हणून विचारण्यापैकीच ते. बाई थरथरत पुढं येते, आणि तो तिला मुली म्हणून हाक मारतो.

कुष्ठरोग्याचंही तसंच. बरा कर म्हणणाऱ्याला तो नुसत्या शब्दानं बरा करू शकला असता; आधी हात लावतो. माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. ज्या पावित्र्याला पळावं लागतं ते अजून कच्चं आहे.

शिष्यांना मात्र हे पचायला वेळ लागला. पेत्राची गोष्ट मला फार आवडते, कारण तो हुबेहूब अज्जी आहे. यापो गावात, भरदुपारी, धाब्यावर, पोटात भूक आणि घरात स्वयंपाक चाललेला. अशा वेळी त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून एक चादर उतरते, तिच्यात नाना जनावरं, आणि आवाज येतो, ऊठ, मार आणि खा. पेत्र म्हणतो, छे छे, मी आजवर ओवळं काही तोंडात घातलेलं नाही. देवाला नाही म्हणतोय, आणि तेही तीनदा. गंमत अशी, की तो त्या वेळी उतरलेला असतो शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी. घरभर कातड्याचा वास, आणि वर जाऊन सोवळं!

मराठीत ही कथा एका बाईनं जगून दाखवली. लक्ष्मीबाई टिळक, जन्म 1868, नाशिकजवळचं जलालपूर. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ते वाचून आमची अज्जी पुरोगामी वाटू लागते. 1857 च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्याचा धक्का त्यांनी असा घेतला, की पुढं बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. म्हणजे त्या सोवळ्याच्या मुळाशी घाबरलेला माणूस होता. लक्ष्मीबाई हे सांगताना हसवतात, पण वडिलांना चिरडत नाहीत. पुढं नवरा, नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाला. काही वर्षांनी त्या त्याच्याकडे राहायला गेल्या त्या आपलं सोवळं, आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवूनच. मग हा भेद देवानं केला की माणसानं, या प्रश्नापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी तो मनातून काढून टाकला. बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे विटाळ आधी गेला, पाणी मागून आलं. पुढं त्यांच्या घरात कुणाकुणाची पोरं वाढली, हे त्याच पुस्तकात वाचावं. अशा घरात वरून लाडू सोडण्याइतकी जागाच उरत नाही.

आणि पंडिता रमाबाई. जन्म 1858, आमच्याच कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळला. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली आणि 1922 साली, काम हातावेगळं होता होता, गेल्या. तिथले खिळे जुळवणारे, छापणारे हात होते विधवांचे, टाकलेल्या बायकांचे, दुष्काळातून आणलेल्या मुलींचे. मंगलकार्याला ज्यांची सावली नको होती, त्यांच्या बोटांची शाई त्या पवित्र शास्त्राला लागली.

आता, पवित्र व्हायला वेळ किती लागतो? रोमच्या पद्धतीनं बराच. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रूसावर गेला आणि संत म्हणून जाहीर झाला 1862 साली. दोनशे पासष्ट वर्षं फाइल चालली. आपल्या तहसील कचेरीला उगीच नावं ठेवतो आपण. बायबलातल्या पौलाला मात्र इतका धीर नाही. करिंथ गावच्या मंडळीला पत्र लिहिताना तो सुरुवातीलाच त्यांना पवित्र म्हणून मोकळा होतो. मला वाटलं, काय थोर माणसं असतील! पुढं वाचतो तर तट पडलेत, एकमेकांना कोर्टात खेचताहेत, आणि प्रभुभोजनाला एकजण उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. पदवी आधी, अभ्यास नंतर, आणि मधली सोळा अध्यायांची पत्ररूप झाडाझडती.

हे मला विसंगत वाटलं म्हणून बायबल परत देताना मास्तरांना विचारलं. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं, चष्मा पुसला.

‘सर, आमच्या मंडळीच्या कमिटीची सभा आहे री रविवारी, आराधना झाल्यावर. या बसायला.’

‘मी कशाला, मास्तर? मी बाहेरचा.’

‘बाहेरचा असला तर बरंच. खुर्च्यांचा हिशेब आहे. मागच्या खेपेला दोन तास चालला आणि शेवटी ज्यानं खुर्च्या दिल्या होत्या त्यानं त्या परत मागितल्या. पण आधी चहा आहे, आणि तो सगळे एकाच किटलीतला पितात.’

‘किती वाजता?’

‘साडेअकरा म्हणतात. तुम्ही बाराला या.’